वैरागडे मॅडमचा बुधवार

वैरागडे मॅडम लग्नाच्या जेवणात कोशिंबीर वाढून घेत नसत. रस्सा असला तर दोन वाट्या घेत, हाडं चोखून ताटाच्या कडेला नीट रचून ठेवत, पण काकडी-टोमॅटो घेऊन वाढपी आला की ताटावर पंजा आडवा धरत. आमच्या मालकांच्या मुलीच्या लग्नात मी त्यांच्या शेजारी बसले होते. म्हटलं, "मॅडम, दिवसभर कोंबडीतले जंतू शोधता, आणि कोंबडी खाता. भिता मात्र काकडीला?"

"शिजलेल्याले काय भ्यायचं जी," त्या म्हणाल्या. "उकळीत जंतू मरते. कच्चं कोणत्या पाटावर चिरलं, त्या पाटावर आधी काय चिरलं होतं, हे कोणाले माहीत?"

मी हसले आणि माझ्या ताटातली काकडी खाल्ली. एम.एस्सी. झालेल्या बाईची विक्षिप्त सवय, इतकंच मला तेव्हा वाटलं.

त्यांचं नाव कुंदा वैरागडे. मूळच्या यवतमाळकडच्या. काही वर्षं नागपूरला नोकरी करून, वडील गेल्यावर आईला घेऊन पुण्याला आल्या आणि हडपसरच्या आमच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या. लग्न केलेलं नव्हतं. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या होत्या, तरी मला 'साठेबाई' आणि 'तुम्ही' म्हणत.

आमची प्रयोगशाळा म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडचा वरचा मजला. आधी मसाले, बिस्किटं, दूध असले नमुने यायचे. मग शहराच्या पूर्वेला आयटी कंपन्या आल्या. खराडीत जिथं काल ज्वारी होती तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारतीत कॅन्टीन आलं, आणि कॅन्टीनमध्ये आठवड्यातून तीनदा चिकन. ते पुरवणाऱ्यांना तपासणीचा कागद लागायचा. तो कागद आम्ही द्यायचो.

आमचे मालक दातार. त्यांचा आवाज कधी चढत नसे, कारण त्यांना त्याची गरज पडत नसे. मॅडम कामावर आल्या त्याच आठवड्यात त्यांनी दातारांच्या टेबलासमोर उभं राहून विचारलं, "सर, आपला रिपोर्ट किती दिवसांत जाते?"

"पाच. पद्धत तशी आहे. ती मी ठरवलेली नाही."

"अन् कोंबडी किती दिवसांत जाते?"

दातारांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोन-तीन."

"म्हणजे रिपोर्ट पोचते तेव्हा कोंबडी लोकांच्या पोटात."

"कोंबडीला थांबा म्हणणं आपल्या हातात नाही, वैरागडे."

"नाही ना. मग रिपोर्टले पळायला शिकवा."

"आपण आलात ते फार बरं झालं," दातार म्हणाले. "इतकी वर्षं हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं." आणि ते कॉम्प्युटरकडे वळले. असं बोलणं ऐकून माणसं परत फिरत. मॅडमही जागेवर गेल्या, पण तो प्रश्न त्यांनी सोडला नाही.

पाच दिवस का लागायचे ते सांगायला हवं. मांसाच्या तुकड्यात साल्मोनेलासारखा जंतू असला तरी तो इतका थोडा असतो की सापडत नाही. म्हणून तुकडा पोषक पाण्यात घालून उबेत ठेवायचा आणि जंतूंना वाढू द्यायचं. मग ते पाणी दुसऱ्या पाण्यात, पुन्हा ऊब. मग लाल रंगाच्या बशीवर पसरायचं. जंतू असेल तर बशीवर काळ्या ठिपक्यांची वसाहत उठते. मग ती वसाहत खरोखर त्याचीच आहे का, याची पुन्हा खात्री. प्रत्येक पायरीला एक-दीड दिवस. मॅडम त्या बशा खिडकीपाशी नेऊन, साडीचा पोत पाहावा तशा तिरप्या धरून पाहत. ठिपका दिसला की हळूच म्हणत, "पाहुणा आला." त्या आवाजात आनंद नसायचा, पण पुरती ओळख असायची.

रजिस्टर त्या शाईच्या पेनानं लिहीत. वेळ मिनिटासकट. चुकलं तर एकच बारीक रेघ आणि खाली सही. पांढरी शाई लावलेली त्यांना खपत नसे. "खोडलेलंही वाचता आलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. आणि रजिस्टरातला एक कागदसुद्धा त्या कधी घरी नेत नसत, झेरॉक्सही नाही. "हे माझं नाही, लॅबचं आहे," म्हणत.

त्या सुमारास झटपट तपासणीच्या पट्ट्या बाजारात येऊ लागल्या होत्या. दिवस गेलेत का हे पाहायची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, तशीच. पोषक पाण्यात वाढवलेल्या नमुन्याचे चार थेंब टाकायचे. एक रेघ आली तर पट्टी नीट चालली, पण जंतू नाही. दोन आल्या तर जंतू आहे. पाच दिवसांचं काम दोन दिवसांत. मॅडमनी विक्रेत्याकडून नमुन्यादाखल मिळालेल्या पट्ट्या आणल्या. दातार म्हणाले, "आपल्या मान्यताप्राप्त पद्धतीत हे बसत नाही."

"रिपोर्टात नका घेऊ. मी बाजूनं करते."

आणि वर्षभर त्यांनी ते बाजूनं केलं. प्रत्येक नमुना दोन्ही पद्धतींनी. त्यासाठी सकाळी सातला यायच्या. नमुने उबेत ठेवायचं पाण्याचं यंत्र मध्येच बिघडलं, तापमान हलायला लागलं. दातार म्हणाले, दुरुस्तीवाला सोमवारी येईल. मॅडम रविवारी मला घेऊन बुधवार पेठेत गेल्या. दगडूशेठच्या दर्शनाच्या रांगेला वळसा घालून आम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या एका बोळात शिरलो. थर्मोस्टॅट हातात घेऊन त्यांनी दुकानदाराला विचारलं, "हा किती हलते?"

"काय हलते?"

"तापमान. अर्धा अंश इकडेतिकडे चालत नाही मले."

"मॅडम, अंडी उबवायचीत का?"

"नाही जी. जंतू."

दुकानदारानं घाईघाईनं थर्मोस्टॅट कागदात गुंडाळून दिला. सोमवारी दुरुस्तीवाला आला तेव्हा यंत्र चालू होतं आणि मॅडमच्या बोटाला चटका बसल्याची पट्टी होती.

त्या वर्षात पट्टी दोनदा चुकली. जंतू नसताना तिनं आहे म्हणून सांगितलं. मॅडमनी त्या दोन्ही नोंदी लाल शाईनं, ठळक लिहून ठेवल्या. मी म्हटलं, "तुमचीच बाजू लंगडी होते ना अशानं." त्या म्हणाल्या, "बाजू कसली जी? मी काय वकील आहे?"

त्यानंतर तो बुधवार आला.

सोमवारी सासवड रस्त्याकडच्या एका मोठ्या कोंबडी-कारखान्याचे नमुने आले होते. बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मॅडमनी मला हाक मारली. "साठेबाई, इकडे या. मी पाहून राहिली तेच तुम्हालेही दिसते का, सांगा."

टेबलावर तीन पट्ट्या होत्या. पहिलीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता म्हणून दुसरी केली होती, आणि दुसरीसाठी तिसरी. तिन्हींवर दोन दोन रेघा, कुंकवासारख्या गडद. मी म्हटलं, "दिसतं." त्यांनी रजिस्टरात वेळ लिहिली, लॉटचा क्रमांक लिहिला, सही केली. खाली साक्षीची सही माझी.

त्या तशाच दातारांकडे गेल्या. केबिनचं दार उघडंच होतं.

"सर, हा लॉट आज दुपारी कारखान्यातून निघते. त्यांना थांबवा म्हणा."

"पाच दिवस झाले का?"

"नाही."

"मग आपल्याकडे रिपोर्ट नाही."

"रिपोर्ट नका देऊ. नुसता फोन करा. बशी पाहेपर्यंत, शनिवारपर्यंत, माल ठेवा म्हणा."

"आणि बशी कोरी निघाली तर? त्यांचा माल सडणार आणि खटला माझ्यावर. पट्टी चुकते हे आपणच लाल शाईत लिहिलंय ना?"

"दोनदा चुकली सर. वर्षात दोनदा."

"म्हणजे चुकते," दातार म्हणाले.

मॅडम जागेवर आल्या आणि माझ्यासमोर त्यांनी स्वतःच कारखान्याला फोन लावला. तिथल्या मॅनेजरचा आवाज मला ऐकू येत होता. "फॅक्स करा मॅडम, बघतो."

"फॅक्स नाही जी. मी तोंडानं सांगून राहिली. माल सोडू नका."

"तोंडी आम्ही काही घेत नाही," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.  दुपारी गाड्या निघाल्या.

गुरुवारी ते चिकन खराडीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये शिजलं. शुक्रवारी माणसं आजारी पडायला लागली. शनिवारी पेपरात बातमी आली. त्याच सकाळी आमच्या लाल बशांवर काळे ठिपके उठले होते, एकदोन नाही, दाटीवाटीनं. मॅडमनी बशी खिडकीपाशी नेली, पाहिली, खाली ठेवली. त्या दिवशी 'पाहुणा' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. त्यांनी अ‍ॅप्रन काढला, पर्समध्ये निर्जंतुक बोळ्यांच्या दोन नळ्या टाकल्या आणि रिक्षा करून खराडीला गेल्या.

कॅन्टीनच्या पुढच्या दारानं त्यांना कुणी आत घेतलं नसतं. त्या मागच्या दारी गेल्या. भांडी घासणाऱ्या, चिराचिरी करणाऱ्या बाया पुसद-वाशीमकडच्या निघाल्या. मॅडमची बोली ऐकून त्यांनी स्टूल पुढे केलं आणि सगळं सांगितलं. लाकडी पाट एकच. सकाळी त्यावर कोंबडी तोडायची, मग ओल्या फडक्यानं पुसून त्यावरच काकडी चिरायची. गुरुवारीही तसंच झालं होतं. चिकन चांगलं रटारटा शिजलं होतं, त्यात काही दोष नव्हता. मॅडमनी पाटाच्या चिरांमधून बोळा फिरवला. त्याच्याही पट्टीवर दोन रेघा आल्या, आणि पुढे बशीवर तेच ठिपके.

सोमवारी प्राची गेली.

प्राची त्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारी चोवीस वर्षांची मुलगी. वाशीमकडच्या एका खेड्यातली, दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. शुक्रवारी पोट बिघडलं. कंपनीत काहीतरी महत्त्वाचं काम त्या आठवड्यात ग्राहकाला द्यायचं होतं, म्हणून साखर-मिठाचं पाणी पीत ती शुक्रवारी आणि शनिवारीही कामावर गेली. रविवारी सकाळी ती उठेना, तेव्हा मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं. तोवर विष रक्तात भिनलं होतं. आजारी पडलेल्यांतले बाकीचे सगळे बरे झाले.

कोंबडी-कारखान्यानं एका वाक्यात हात झटकले. मृत मुलगी शाकाहारी होती, तिनं चिकन खाल्लेलंच नाही. आणि हे खरंही होतं.

आठ-दहा दिवसांनी तिचे वडील आमच्या शेडच्या जिन्यावर येऊन बसले. तपासाच्या कुठल्यातरी कागदावर आमच्या प्रयोगशाळेचं नाव होतं, तेवढ्यावर विचारत विचारत आले होते. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. निवृत्त शिक्षक, गावात त्यांना ढोके गुरुजी म्हणत. दातारांनी निरोप पाठवला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. गुरुजी म्हणाले, "थांबतो." तासाभरानं मॅडम स्वतः बाहेर गेल्या आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, म्हणून मला हे ऐकायला मिळालं.

गुरुजींनी पाणी घेतलं नाही. ते म्हणाले, "बाई, एकच विचारायचं आहे. माह्या पोरीनं ते खाल्लं का?"

"काय, जी?"

"कोंबडी. गावात लोक म्हणून राहिले, गुरुजीची पोरगी पुण्याले गेली अन् माळ मोडली, म्हणून देवानं नेली. तिची माय घराबाहेर निघत नाही. तुम्ही तपासता म्हणे सगळं. खाल्लं का तिनं?"

मॅडमनी प्राचीच्या मैत्रिणींना आधीच विचारून घेतलं होतं. "नाही गुरुजी. तिनं खाल्लं नाही. तिनं काकडी खाल्ली."

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी माळेला हात लावला, डोळे मिटले. मग डोळे उघडून ते म्हणाले, "मग ते मेली कशानं?"

मॅडमनी त्यांना सांगितलं. पाटाचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं. आणि मग, कोणी विचारलं नसताना, बुधवारचंही सांगितलं. "सकाळी दहाले मले कळलं होतं. मी फोन केला होता. माल गेला. तुमच्यापासून लपवून मी राहू शकत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. गुरुजी ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे सारं तुम्ही सरकारी साहेबापुढे सांगसान?"

"सांगीन."

गुरुजींनी तक्रार दिली, आणि चौकशीचे अधिकारी आमचं रजिस्टर पाहायला येणार असं पत्र आलं.

दातारांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कोरं रजिस्टर होतं, आमच्या रजिस्टरासारखंच, पानांवर छापील क्रमांक असलेलं. ते म्हणाले, "साठे, त्या आठवड्याचं रजिस्टर यात पुन्हा उतरवायचं आहे. बुधवारची पट्टी नीट चालली नव्हती, निकाल धरता येत नव्हता, असं लिहा. काम आपण केलंत. वैरागडे त्या दिवशी रजेवर होत्या. हजेरीपट मी बघतो."

मी म्हटलं, "सर, त्या होत्या."

"आपल्या यजमानांच्या कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती दिली ना मागच्या वर्षी?" दातारांनी अगदी चौकशीच्या सुरात विचारलं. "सध्या काय करतात?"

माझा नवरा सध्या काही करत नव्हता. दोन मुलं शाळेत होती. मी ते रजिस्टर घेऊन बसले आणि दुपारपर्यंत सगळं उतरवलं. जिथं तीन पट्ट्या लिहिल्या होत्या तिथं एक लिहिली. जिथं दोन रेघा होत्या तिथं 'अवैध' लिहिलं. शनिवारच्या बशांची नोंद होती तशीच ठेवली, तोवर माल गेलेलाच होता. खाली सही केली. ज्या बाईनं वर्षभरात एकही रजा घेतली नव्हती, तिला मी त्या बुधवारी रजेवर पाठवलं.

त्या आठवड्याचं जुनं रजिस्टर त्यानंतर कुणाला दिसलं नाही, आधीची मात्र कपाटात तशीच राहिली.

चौकशी एका सरकारी कार्यालयातल्या लांबट खोलीत झाली. गुरुजी भिंतीशी बसले होते. मॅडमनी सगळं सांगितलं, वेळेसकट, लॉटच्या क्रमांकासकट. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि रजिस्टर पुढे केलं. मला विचारलं, "ही सही तुमची?"

"हो."

"त्या दिवशी पट्टीची तपासणी तुम्ही केलीत?"

"हो."

त्यानं मॅडमना विचारलं, "कागदाप्रमाणे तुम्ही रजेवर होता. तुमच्याकडे दुसरी काही नोंद, प्रत, काही आहे?"

त्यांच्याकडे काही नव्हतं. लॅबचं ते लॅबमध्ये, हा त्यांचा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. पाटाच्या नमुन्याचं विचारलं तर तो पंचांसमोर घेतलेला नव्हता, तो धरता येत नव्हता. मॅडम माझ्याकडे पाहतील म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी पाहिलं की नाही मला माहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मी वर्षभर रजा घेतली नाही साहेब. पण कागद म्हणते तर घेतली असंन."

मग गुरुजींची साक्ष झाली. मुलगी मांसाहार करत होती का? ते ताठ उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "नाही. माह्या पोरीनं कधी शिवलं नाही." कारखान्याच्या वकिलानं हे वाक्य लगेच लिहून घेतलं. म्हाताऱ्याला वाटलं, मुलीची अब्रू राखली. बाहेर आल्यावर मॅडमनी त्यांना बसस्थानकावर सोडलं. त्या वाक्यानं कारखाना कसा सुटणार होता हे त्यांनी गुरुजींना सांगितलं नाही, याची मला खात्री आहे. खरं लपवायची ती त्यांची एकच वेळ असावी.

निष्कर्ष निघाला की कारण निश्चित सांगता येत नाही.

मॅडमनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी डबा आणि चष्म्याचं घर पिशवीत भरलं. मी हातातलं काम सोडून उभी होते. त्या काहीतरी बोलतील असं वाटत होतं. त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तो थर्मोस्टॅट सकाळी पहिला तासभर अर्धा अंश खाली दाखवते. लक्ष ठेवत जा." आणि जिना उतरल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या विसरले असते.

वर्षभरात दातारांनी पट्टीची पद्धत रीतसर मान्य करून घेतली. त्यासाठी दोन्ही पद्धतींची तुलना लागते. ती तुलना मॅडमनी करून ठेवलेली होतीच, लाल शाईतल्या दोन चुकांसकट. शेडवर नवी पाटी लागली, 'अठ्ठेचाळीस तासांत अहवाल'. धंदा वाढला. माझा पगारही वाढला. अहवाल आता खरंच लवकर जायचे आणि दोनतीनदा तरी गाड्या थांबल्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यातून कुणीतरी वाचलं असेल. कोणामुळे, ते त्यांना कळणार नाही.

मॅडमबद्दल मधूनमधून कानावर यायचं. पुण्यातल्या एका लॅबनं मुलाखतीला बोलावलं आणि दातारांना फोन केल्यावर नकार कळवला. दुसरीनं बोलावलंच नाही. आई गेल्याचं कळलं, तेही दोन महिन्यांनी. मी भेटायला गेले नाही.

पुढे मीही ती नोकरी सोडली. प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या खराडीतल्या एका कंपनीला लॅबचं काम जाणणारं माणूस हवं होतं. माझं काम मोठं गमतीचं होतं. एकदा भरलेली नोंद कुणालाही गुपचूप बदलता येऊ नये, अशी व्यवस्था करून घेणं. मी ते फार कसून करायचे. तरुण पोरं म्हणायची, "साठे मॅडम, यू आर सो स्ट्रिक्ट यार." मी पुढची नोंद तपासायला घ्यायचे.

तिथेच त्या मला शेवटच्या दिसल्या. त्यानंतर महिन्याभरात कॅन्टीनचा कंत्राटदार बदलला, आणि नव्या माणसांत त्या नव्हत्या.

सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. फोनवर बोलत मी इमारतीच्या मागे गेले होते. स्वयंपाकघराच्या शटरपाशी पांढरी टोपी घातलेली एक बाई पाठमोरी उभी होती. आवाजावरून ओळखलं. केस पार पिकले होते. मी फोन बंद केला आणि म्हटलं, "मॅडम."

त्या वळल्या. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "साठेबाई. तुम्ही इथं?"

"वर आहे, पाचव्या मजल्यावर. आणि तुम्ही?"

"इथंच. स्वयंपाकघर पाहते. लॅबमध्ये कोणी घेतलं नाही, मग म्हटलं, जिथून जंतू निघते तिथंच जाऊन बसावं." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, विनोदानंही नाही.

 मी म्हटलं, "मॅडम, त्या सहीचं... मला तुम्हाला एकदा—"

त्यांनी हात वर केला. "नका बोलू."

"मला बोलायचंय."

"ते दिसून राहिलं. तुम्ही बोलसान, मोकळ्या होसान, वर जासान. मग मी ते कुठं ठेवू?"

एवढ्यात चिकनची गाडी मागे मागे येत शटरपाशी लागली. मी बाजूला झाले. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि क्रेट खाली घ्यायला लागला. मॅडमनी अ‍ॅप्रनच्या खिशातून तापमापकाची सळई काढली, मधल्या क्रेटमधल्या एका कोंबडीत खुपसली आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग दुसऱ्या क्रेटमध्ये.

"परत न्या," त्या म्हणाल्या.

"का ओ मॅडम?"

"अकरा अंश आहे. पाचच्या वर मी घेत नाही. बर्फ कुठं गेला?"

"वाटंत ट्रॅफिक लागलं. पण रिपोर्ट हाय की," ड्रायव्हरनं शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "कालचाच हाय. बघा, पास हाय."

मॅडमनी कागद हातात घेतला नाही. "रिपोर्ट कालचा आहे दादा. कोंबडी आजची आहे. परत न्या."

गोंधळ ऐकून कंत्राटदाराचा मॅनेजर आतून धावत आला. "मॅडम, काय करताय? मेनू बोर्डवर लागलाय. साडेबाराला पब्लिक खाली येणार. कम्प्लेंट गेली तर माझी वाट लागेल. मागच्या आठवड्यात पण तुम्ही असंच केलं."

"हो, केलं."

"मग आता लोकांना काय घालू?"

"पिठलं."

"पिठलं?" तो ओरडला. "इथं?"

ड्रायव्हर एकदा मॅनेजरकडे, एकदा मॅडमकडे बघत होता. मॅडमनी क्रेट स्वतः उचलून गाडीत ठेवला. मग दुसरा. मॅनेजर पुटपुटत फोन काढून लांब गेला. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. आत जाऊन शटरची साखळी धरली आणि सगळं वजन टाकून ओढली. शटर खडखडत खाली येत असताना आतून त्यांचा आवाज आला, "चला गं, बेसन काढा. कांदा मी चिरते."